विश्लेषण : वाघ दारात, गिऱ्हाईक दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये! ‘बूस्ट’चे बटण दाबण्याआधी चंद्रपूर-गडचिरोलीतील छोट्या व्यावसायिकांनी काय करावे?

मोहर्ली गेटमधून सकाळची सफारी आटोपून जिप्सी बाहेर पडतात, तेव्हा जवळपास प्रत्येक गाडीत एकच हालचाल होते. सफारीत मोबाइल वापरायला बंदी असल्याने तोवर बंद असलेले फोन सुरू होतात. ‘दिसला’ किंवा ‘नाही दिसला’ एवढे घरी कळवून झाले, की पुढचा प्रश्न पोटाचा असतो. गरम पोहे कुठे मिळतील? दुपारी जेवण कुठे? संध्याकाळच्या सफारीपर्यंत पाठ टेकायला खोली मिळेल का? आणि घरी नेण्यासाठी बांबूची एखादी वस्तू? हे प्रश्न पर्यटक रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला क्वचितच विचारतो. तो नकाशाला विचारतो. नकाशावर जे नाही, ते त्याच्या लेखी गावातही नसते.

छोट्या व्यावसायिकांना ‘डिजिटल मार्केटिंग’ शिकवणारी प्रशिक्षणे आता तालुक्या-तालुक्यांत होतात. त्यांचा साचा ठरलेला असतो. फेसबुक पेज काढा, इन्स्टाग्राम काढा, रील टाका आणि मग पोस्ट ‘बूस्ट’ करा. पुण्या-नागपुरातल्या कपड्याच्या दुकानासाठी हा क्रम कदाचित चालून जाईल. आपल्या जंगलजिल्ह्यांत तो उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी सापडले पाहिजे, मग उत्तर देता आले पाहिजे, आणि पैसे देऊन जाहिरात सर्वांत शेवटी. पहिल्या दोन गोष्टींना एक रुपयाही लागत नाही. नेमक्या म्हणूनच त्या कोणी विकायला येत नाही.

हा प्रश्न इथे इतका महत्त्वाचा का?

ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. आज देशभरातून लोक इथे वाघ पाहायला येतात. पण वाघासोबत राहण्याची किंमत बफरमधली गावे मोजतात. मोहफूल वेचताना, तेंदूपाने तोडताना, गुरे चारताना माणसांवर होणारे हल्ले ही चंद्रपूर जिल्ह्यातली दर उन्हाळ्याची बातमी आहे. रानडुकरांनी उद्ध्वस्त केलेले धान वेगळेच. या गावांच्या वाट्याला गाइड, जिप्सीचालक, रिसॉर्टमधील कामगार अशी कामे आली, हे खरेच. पण खोली, जेवण आणि खरेदी यांचा पैसा कोणाकडे जायचा, हे गेटवर ठरत नाही. ते पर्यटक घरी सोफ्यावर बसून मोबाइलमध्ये शोधतो, तेव्हाच ठरते.

‘ताडोबा सफारी’ किंवा ‘ताडोबा हॉटेल’ असे शोधून पाहा. वरच्या निकालांत मोठी रिसॉर्ट, प्रवास कंपन्या आणि शहरांत कार्यालय असलेले एजंट दिसतात. त्यात गैर काही नाही. ते जाहिरातीला पैसे मोजतात आणि वेबसाइट सांभाळायला माणसे ठेवतात. पण दोन खोल्यांचा होमस्टे चालवणारा गावकरी त्याच शब्दांवर बोली लावायला गेला, तर बाहेर फेकला जाणार, हे गणित आहे. त्याने त्या मैदानात उतरूच नये.

दुसऱ्याच्या दारावर किती विसंबायचे, याचा धडा २०२३ मध्ये मिळाला होता. ताडोबाच्या सफारीचे ऑनलाइन बुकिंग पाहणाऱ्या एजन्सीने सुमारे १२ कोटी रुपये थकवल्याची तक्रार पोलिसांत गेली आणि नवे बुकिंग काही काळ थांबले. त्या प्रकरणाचा निकाल न्यायालय लावेल. धंद्याच्या दृष्टीने त्यातला मुद्दा साधा आहे. बुकिंगचा नळ एकच असेल आणि तो बंद झाला, तर जिप्सीपासून चहाच्या टपरीपर्यंत सगळे कोरडे पडतात. ज्याच्याकडे आदल्या वर्षीच्या पाहुण्यांचे नंबर स्वतःच्या फोनमध्ये होते, त्याच्या हाती निदान फोन करण्याचा पर्याय तरी होता.

‘बूस्ट’ केल्यावर पैसे नेमके कुठे जातात?

फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर पोस्टखालचे ते निळे बटण दाबले, की यंत्रणा विचारते : किती दिवस आणि किती रुपये? बाकीचे ती स्वतः ठरवते. उद्दिष्ट बदलले नाही, तर ती साधारणपणे ‘प्रतिसाद’ शोधते. म्हणजे ज्यांना पोस्टवर अंगठा दाखवायची, बदाम टाकायची सवय आहे, अशा लोकांपुढे पोस्ट नेते. वाघाच्या फोटोला बदाम टाकणारे लाखो आहेत. त्यातले कोलाऱ्याला मुक्कामी येणारे किती? दोन दिवसांनी ‘तुमची पोस्ट हजारो लोकांपर्यंत पोहोचली’ असा निरोप येतो आणि मालक खूश होतो. खोली मात्र रिकामीच असते.

दुसरी फसगत वर्तुळाची. जाहिरात कुठे दिसावी, हे ठरवताना नकाशावर एक बिंदू आणि त्याभोवती किलोमीटरचे वर्तुळ काढता येते. शहरात हे उत्तम चालते. गडचिरोलीत बिंदू ठेवून मोठे वर्तुळ काढले, तर त्यात काय येते? वैनगंगा, भरपूर साग, त्याहून जास्त बांबू, बिबटे, अस्वले आणि मध्येमध्ये माणसे. वर्तुळाला नदी कळत नाही, पूल कुठे आहे ते कळत नाही, की घाट कळत नाही. जिल्हा इतका लांबट आहे, की सिरोंचा गडचिरोली शहरापासून रस्त्याने जवळपास २०० किलोमीटर पडते. सिरोंचाचा माणूस खरेदीला गोदावरी ओलांडून तेलंगणात जातो, घरात अनेकदा तेलुगू बोलतो. मुलचेरा-चामोर्शीच्या अनेक गावांत बंगाली घरे आहेत. भामरागड-एटापल्लीत माडिया. देसाईगंज-कुरखेड्याकडे झाडीबोली. एकच मराठी पोस्टर ‘गडचिरोली जिल्हा’ निवडून सगळ्यांवर फेकणे म्हणजे भर बाजारात डोळे मिटून पत्रके उधळणे.

त्यामुळे स्थानिक गिऱ्हाइकावर चालणाऱ्या दुकानाने जिल्हा निवडू नये. आपल्या आठवडी बाजाराला ज्या गावांतून लोक येतात, ती गावे एका कागदावर लिहावीत आणि तेवढीच निवडावीत. ही यादी दुकानदाराच्या डोक्यात तयार असते. ती कोणत्याही यंत्रणेकडे नाही.

मग सुरुवात कुठून? आधी नकाशावर या

गुगलवर व्यवसायाचे मोफत प्रोफाइल काढता येते. पानठेल्यापासून लॉजपर्यंत कोणालाही. मोफत या शब्दावर जोर देतो, कारण ‘गुगलकडून बोलतोय, तुमची लिस्टिंग बंद होणार आहे, एवढे पैसे भरा’ असे फोन सर्रास येतात. गुगल या प्रोफाइलसाठी पैसे घेत नाही. असा फोन आला, तर ठेवून द्या.

प्रोफाइल काढताना खेड्यातला पहिला अडथळा पत्त्याचा. ‘ग्रामपंचायतीजवळ, मु. पो. अमुक’ एवढ्यावर गाडी पोहोचत नाही. गुगल मॅप्सवर आपल्या दारात उभे राहून बोट दाबून धरले, की त्या जागेचा ‘प्लस कोड’ मिळतो. अक्षरे आणि आकड्यांचा हा छोटा कोड म्हणजे ज्या घराला गल्ली-नंबर नाही, त्याचा पत्ता. तो व्हिजिटिंग कार्डावर छापा, पाहुण्याला पाठवा. घरून काम करणाऱ्या महिलेला पत्ता जगजाहीर करायचा नसेल, तर पत्ता लपवून फक्त ‘सेवा देण्याचा परिसर’ दाखवण्याची सोय आहे. मोहफुलांचे लाडू किंवा लोणची घरी बनवून देणाऱ्या बचत गटांनी हीच वापरावी.

पडताळणीसाठी आता बहुतेक वेळा व्हिडिओ मागितला जातो. सलग एकाच व्हिडिओत बाहेरचा रस्ता, दुकानाची पाटी, आतली जागा आणि धंदा तुमचाच असल्याचा पुरावा, म्हणजे कुलूप उघडणे, गल्ला, परवान्याचा कागद असे काही दाखवावे लागते. पाटीच नसेल, तर गाडी इथेच अडते. अनेक होमस्टेंना पाटी नाही, कारण ‘गावात सगळ्यांना माहीत आहे’. गावाला माहीत असून उपयोग काय?

ताडोबासाठी एक गोष्ट इतर कशाहूनही महत्त्वाची : गेटचे नाव. मोहर्ली दक्षिणेकडे, भद्रावती तालुक्यात, चंद्रपूरहून जवळ. कोलारा उत्तरेकडे, चिमूर तालुक्यात, नागपूरहून येणाऱ्यांना सोयीचे. दोन्हींमध्ये जंगल आहे आणि बाहेरून जायचे तर मोठा वळसा पडतो. पहाटेची सफारी कोलाऱ्याची आणि खोली मोहर्लीला, अशी गफलत बाहेरच्या माणसाकडून सहज होते. म्हणून पर्यटकाला ‘ताडोब्याजवळ’ या शब्दांचा काही उपयोग नसतो. ‘कोलारा गेटपासून चालत इतकी मिनिटे’ याचा असतो. हे फोटोच्या पाटीवर, वर्णनात, व्हॉट्सॲपच्या पहिल्या निरोपात, सगळीकडे लिहा. मात्र व्यवसायाच्या नावात कोंबू नका. ‘अमुक होमस्टे ताडोबा कोलारा गेट बेस्ट चीप’ असे नाव ठेवणे गुगलच्या नियमांविरुद्ध आहे आणि प्रोफाइल निलंबित होऊ शकते. पाटीवर जे नाव, तेच प्रोफाइलवर.

फोटोंचे सांगायचे तर, वाघाचा फोटो लावू नका. एक तर तो बहुधा दुसऱ्याचा असतो आणि फोटोचा हक्क काढणाऱ्याचा असतो. दुसरे म्हणजे पाहुण्याला वाघाची शंका नसते, बाथरूमची असते. स्वच्छ संडास-बाथरूम, मच्छरदाणी, कूलर, ताटातले जेवण, गाडी लावायची जागा, येण्याचा रस्ता. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा खोलीतला कूलर हा वाघापेक्षा मोठा आकर्षणबिंदू असतो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको.

वेळ नीट भरा. पहाटेच्या सफारीचे पाहुणे उजाडायच्या आधी गेटवर असतात. चहावाला पहाटे पाचला चूल पेटवत असेल आणि प्रोफाइलवर सकाळी नऊ ते सहा लिहिले असेल, तर त्या पहिल्या गर्दीच्या वेळी नकाशा त्याला ‘बंद’ दाखवतो. कोअर मंगळवारी बंद असते. तुमचेही मंगळवारी बंद असेल, तर तसे नोंदवा. उन्हात पायपीट करून बंद दार पाहिलेला माणूस एक तारा देतो आणि तो तारा वर्षानुवर्षे राहतो.

रिव्ह्यू मागायचा की नाही? जरूर मागायचा, तोंडाने, निघताना. प्रोफाइलमधून रिव्ह्यूची लिंक आणि क्यूआर कोड काढता येतो. तो गल्ल्याजवळ चिकटवा. पण ‘पाच तारे द्या, चहा फुकट’ असे करू नका, मोबदला देऊन रिव्ह्यू घेणे नियमबाह्य आहे. भाच्या-पुतण्यांकडून एका रात्रीत पंधरा रिव्ह्यू लिहून घेणे तर निव्वळ मूर्खपणा. तशी नावे आणि तशी भाषा वाचणाऱ्याला लगेच कळते. वाईट रिव्ह्यू आला, तर वाद न घालता दोन ओळींत उत्तर द्या. पुढचा पाहुणा तक्रारीपेक्षा तुमचे उत्तर बारकाईने वाचतो.

व्हॉट्सॲप : भोंगा की वही?

गावातले गिऱ्हाईक नकाशात शोधत नाही, ते व्हॉट्सॲपवर असते. व्हॉट्सॲप बिझनेस हे वेगळे ॲप मोफत आहे. त्यात वस्तूंची यादी किमतीसह लावता येते, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे साठवून ठेवता येतात आणि गिऱ्हाइकांना ‘उधारी’, ‘ऑर्डर आली’, ‘पैसे मिळाले’ अशी लेबले लावता येतात. खरे तर ती दुकानाची वहीच आहे. आपण तिचा भोंगा करून टाकतो. रोज सकाळी सुविचाराखाली दुकानाचा नंबर, सणाला बारा पोस्टर, शेकडो अनोळखी माणसे कोंबलेला गट. लोक गट म्यूट करतात आणि बाहेर पडायला लाजतात, एवढेच.

गटाऐवजी ब्रॉडकास्ट यादी वापरा. एका यादीत २५६ जण बसतात, प्रत्येकाला निरोप वैयक्तिक येतो आणि गिऱ्हाइकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. महिला गिऱ्हाईक असलेल्या धंद्यांत, म्हणजे शिवणकाम, ब्युटी पार्लर, साड्या यांत ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. ग्यानबाची मेख अशी, की ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे, त्यालाच ब्रॉडकास्ट पोहोचतो. म्हणून बिल देताना ‘नंबर सेव्ह करून ठेवा, नवीन माल आला की फोटो पाठवतो’ हे एक वाक्य बोलणे हीच इथली सर्वांत स्वस्त मोहीम आहे. एका क्लिकवर दहा हजार निरोप पाठवणारी सॉफ्टवेअर विकणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. नंबर बंद झाला, तर गिऱ्हाइकांची वहीही त्यासोबत गेली.

दक्षिण गडचिरोलीचा मुद्दा वेगळा आहे. प्रशिक्षणात सांगतात, ‘पाच मिनिटांत उत्तर द्या’. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो, भामरागडचा संपर्क तुटतो, वीज जाते, टॉवर बंद पडतो. तिथल्या व्यावसायिकाला पाच मिनिटांचा सल्ला देणाऱ्याने एक जुलै महिना तिथे काढावा. या भागासाठी ॲपमधला आपोआप जाणारा निरोप कामाचा आहे : ‘इथे नेटवर्क कमी असते. संध्याकाळपर्यंत उत्तर देतो. घाई असेल तर या दुसऱ्या नंबरवर फोन करा.’ दुसरा नंबर आलापल्ली-अहेरीकडे राहणाऱ्या नातेवाइकाचा ठेवता येईल. खरे कारण मोकळेपणाने सांगितले, की शहरातला माणूस थांबतो. नुसते मौन पाहून तो निघून जातो.

मजकूर लिहायचा कसा? तेंदूच्या नोटिशीकडे पाहा

गडचिरोलीत मला सर्वांत परिणामकारक वाटणारी जाहिरात कोणत्याही एजन्सीने लिहिलेली नाही. तेंदूच्या हंगामाआधी ग्रामसभा वर्तमानपत्रांत लिलावाची जाहीर सूचना देतात, ती वाचा. कोणत्या ग्रामसभा, किती गोण्या अपेक्षित, निविदा कधीपर्यंत, लिलाव कुठे आणि किती वाजता, अनामत किती, अटी काय. एकही विशेषण नाही. ‘सर्वोत्तम’, ‘खात्रीशीर’, ‘एकमेव’ असे काहीच नाही. तरीही दूरदूरचे व्यापारी येतात, कारण त्यांना ठरवायला लागते ते सगळे त्यात असते आणि ती ते जिथे वाचतात, तिथेच छापलेली असते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये गावाने आपला बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष वापरला. त्या लढ्याचे राजकीय महत्त्व सर्वांना माहीत आहे. त्याची एक व्यापारी बाजूही आहे : आपला माल कोणता, किती, कुठे, कोणत्या अटीवर, हे गावाने स्वतःच्या शब्दांत बाजाराला सांगितले.

आता याच नजरेने आपले पोस्टर पाहा. ‘एकदा अवश्य भेट द्या’ आहे, पण दर नाही. ‘सर्व प्रकारचे बांबूकाम’ आहे, पण टोपली केवढी, हे नाही. चिचपल्लीच्या बांबू केंद्रातून शिकून निघालेले कारागीर सुंदर वस्तू करतात. त्यांच्या फोटोखाली तीन ओळी हव्यात : उंची-रुंदी सेंटिमीटरमध्ये, किंमत पार्सल खर्चासह, आणि पाठवायला किती दिवस. भद्रावतीच्या मातीकामाला आणि आरमोरीच्या कोशाला हेच लागू. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ ही सवय तर आजच सोडा. किंमत विचारायला लाजणारा माणूस निघून जातो आणि त्याचा पत्ताही लागत नाही.

आणि आवाजाचे? त्यासाठी झाडीपट्टी रंगभूमी आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे या धंद्याचे केंद्र. तिथल्या नाट्यमंडळांच्या कार्यालयांत गावांची मंडळे येऊन तारखा घेतात. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने या रंगभूमीकडे वळून पाहिले. पण तिची प्रेक्षकसंख्या त्याआधीही कोणाच्या उपकारावर नव्हती. तिची जाहिरात कशी होते? गाडीवर भोंगा लावून, आसपासच्या गावांत, नाटकाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी. नाव, गाव, वेळ, कोण कलाकार. बोली तिथलीच. योग्य गावे, योग्य दिवस, ओळखीचा आवाज. फेसबुकच्या जाहिरात-अभ्यासक्रमात याच तीन गोष्टींना मोठी मोठी नावे दिली आहेत. वीस सेकंदांचा व्हिडिओ करायचा असेल, तर दुकानाच्या मालकिणीने स्वतःच्या बोलीत बोलावे. विकत घेतलेला रेडिओछाप आवाज इथे परका वाटतो.

पैसे खर्चायचेच असतील तर?

तर वेळ पाहून. ताडोब्याचे कोअर १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते, बफर सुरू राहते. पर्यटक आधी सफारी मिळवतो, मग खोली शोधतो. म्हणजे मे महिन्यातल्या खोलीची जाहिरात मेमध्ये करून उपयोग नाही. ती सफारीचे बुकिंग सुरू असते, त्या आठवड्यांत हवी. कोशाच्या साडीची लग्नसराईच्या आधी, शेती अवजारांची खरिपाच्या तोंडावर. जाहिरात वर्षभर थोडी थोडी चालू ठेवणे हा सर्वांत महाग प्रकार.

उद्दिष्ट ‘प्रतिसाद’ऐवजी ‘मेसेज’ निवडा, म्हणजे जाहिरातीवर बोट पडले की थेट तुमचे व्हॉट्सॲप उघडेल. गुगलवर जाहिरात देत असाल, तर ठिकाणाच्या सेटिंगमध्ये एक खाच आहे. मूळ सेटिंग त्या ठिकाणी असलेले आणि त्या ठिकाणात रस असलेले, दोघांनाही जाहिरात दाखवते. गडचिरोलीतल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने ते बदलून फक्त ‘तिथे असलेले’ ठेवावे. होमस्टेवाल्याला मात्र दूरचा माणूसच हवा असतो, त्याने ते बदलू नये.

हिशेब असा मांडा. समजा, १५०० रुपये खर्च केले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७० रुपये, एकूण १७७०. जीएसटी नोंदणी नसेल, तर हे २७० परत मिळत नाहीत. वीस मेसेज आले, त्यातल्या दोघांनी मुक्काम केला. एका मुक्कामामागे जाहिरात पडली ८८५ रुपयांना. खोलीचे भाडे, जेवण यांतून खर्च वजा जाता तुमच्या हातात त्याहून जास्त उरत असेल, तर पुन्हा करा. उरत नसेल तर थांबा, मग लाइक कितीही असोत. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत जे थोडे डोक्यात टिकले, त्यात एक हे : काय मोजायचे, ते यंत्र सुरू करण्याआधी ठरवावे. प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळले?’ एवढे विचारून वहीत एक रेघ मारा. दोन महिन्यांनी ती वही कोणत्याही डॅशबोर्डपेक्षा खरे बोलेल.

ऑनलाइन बाजारपेठांवर माल ठेवण्याबाबत एक गैरसमज अजून आहे, की जीएसटीशिवाय तिथे पाऊलच ठेवता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत असलेल्या छोट्या वस्तुविक्रेत्याला राज्यातल्या राज्यात अशा मंचांवरून विकता येते. जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक तेवढा घ्यावा लागतो. परराज्यात पाठवायचे असेल, तर नियम कडक होतात, तिथे सीएला विचारूनच पुढे जा.

काय लिहिले तर अंगाशी येईल?

जंगलातला मध, जडीबुटी, मोहाचे पदार्थ विकणाऱ्यांच्या पोस्टवर ‘मधुमेहावर रामबाण’ असे बिनधास्त लिहिलेले दिसते. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यात मधुमेह येतो. मध चांगला असेल, तर कुठल्या जंगलातला, कोणत्या महिन्यात काढलेला, हे लिहा. ते जास्त विकते. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांक लागतोच. तसेच ‘वाघदर्शनाची १०० टक्के हमी’. वाघ कोणाच्या बापाचा नोकर नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. शिवाय अशी हमी देणारा शेवटी जिप्सीचालकावर दबाव आणतो आणि मग वाघाची वाट अडवणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ आपण सगळे पाहतो.

खाते कोणाच्या नावावर?

हा प्रश्न प्रशिक्षणात सर्वांत शेवटी येतो, खरे तर तो पहिला. दोन-तीन हजारांत ‘सगळे करून देतो’ म्हणणारा मुलगा स्वतःच्या जीमेलवर प्रोफाइल उघडतो, स्वतःच्या फोनवर पेज चालवतो. तो नोकरीसाठी पुण्याला गेला, की दुकानाचा नंबर बदलायलाही त्याच्या पाया पडावे लागते. मूळ मालक तुमचा जीमेल, तुमचा मोबाइल नंबर. मदतनीसाला फक्त ‘व्यवस्थापक’ म्हणून जोडा. पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा, माहिती-सुरक्षावाले काहीही म्हणोत. आणि गिऱ्हाइकांच्या नंबरांची एक प्रत ॲपच्या बाहेरही हवी. गुगलने व्यवसाय प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या मोफत वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. त्यांच्या जागेवर बांधलेले त्यांनी पाडले, तर तक्रार कोणाकडे करणार?

सरकारी पातळीवर काय व्हावे?

फार काही नको. सफारीच्या बुकिंगच्या पावतीवर त्या-त्या गेटच्या गावांतल्या नोंदणीकृत होमस्टे आणि खानावळींची यादी छापावी, नंबरसह. पर्यटक खोली शोधायला लागतो, नेमक्या त्या क्षणी ती त्याच्या हातात असेल. कोणत्याही महोत्सवाच्या फलकबाजीपेक्षा हे स्वस्त आहे. ग्रामपंचायतीने एका दिवसाचे शिबिर घेऊन गावातल्या प्रत्येक दुकानाची जागा नकाशावर टाकली, तर तेही चालेल. ज्यांना अशी वाट पाहायची नाही, त्यांनी कोअर बंद असलेल्या तीन महिन्यांत हे काम उरकावे. पडताळणीला काही दिवस जातात, कधी व्हिडिओ नाकारला जातो आणि पुन्हा काढावा लागतो. तो भर उजेडात, पाऊस नसताना काढा, आणि त्याआधी पाटी रंगवून घ्या. मराठीत मोठी, खाली इंग्रजीत गेटचे नाव.